'हम होंगे कामयाब' मूळ कोणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. शाळेत २६ जानेवारीची प्रॅक्टिस सुरू झाली की पालकांपैकी कोणीतरी विचारतंच, मॅडम, 'हम होंगे कामयाब' मूळ कोणाचं हो? हिंदी शब्द कवी गिरिजाकुमार माथुरांचे, अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीच्या 'वी शॅल ओव्हरकम' (आपण जिंकू) या गाण्यावरून केलेले, इथपर्यंत पटकन सांगते. पण त्याच्याही मागे गेलं की रेव्हरंड चार्ल्स अल्बर्ट टिंडली हे अमेरिकन कृष्णवर्णीय पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) आणि गीतकार भेटतात आणि मग मला थांबवतच नाही.

१८५१ साली अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बर्लिन गावी जन्म. वडील गुलाम, आई स्वतंत्र, त्यामुळे कायद्याने पोर गुलाम नव्हतं, पण आई लवकर गेली आणि त्याला लहानपणीच दुसऱ्यांकडे राबायला जावं लागलं. शाळा नाहीच. रस्त्यात वर्तमानपत्राचे कपटे दिसले की उचलायचे, सदऱ्याच्या आत छातीशी खोचायचे, कारण कपड्यांना खिसाच नव्हता (हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय), आणि रात्री सगळे झोपले की जळत्या लाकडाच्या उजेडात त्यावरून अक्षरं ओळखायला शिकायचं.

पुढे फिलाडेल्फियाला आले. दिवसा बांधकामावर विटा वाहायचं बिगारी काम, शिवाय बेनब्रिज स्ट्रीटवरच्या मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये झाडलोट, वर रात्रशाळा, आणि पोस्टाने कोर्स करून ग्रीकसुद्धा! परीक्षा देऊन पाळक झाले, मेथडिस्ट पद्धतीप्रमाणे ठिकठिकाणी बदल्या झाल्या, आणि १९०२ मध्ये ज्या चर्चची झाडलोट केली त्याच चर्चच्या मंडळीचे, म्हणजे सभासदांचे, पाळक म्हणून परत आले. शे-सव्वाशे माणसांची ती मंडळी त्यांच्या हाताखाली हजारोंवर गेली, नंतर चर्चला नावच टिंडली टेंपल पडलं.

आता गाणं. १९००च्या सुमाराला त्यांनी 'आय विल ओव्हरकम समडे' लिहिलं. जग हे मोठं रणांगण आहे, मी मनातून हार मानली नाही तर एक दिवस मी जिंकेन, असा भाव. चाल मात्र वेगळी आहे, त्यामुळे 'वी शॅल ओव्हरकम' थेट ह्याच्यातूनच आलं का यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि मीही ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण टिंडलींच्या गाण्यात 'मी' आहे, आणि १९४५-४६ मध्ये अमेरिकेतल्याच चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी 'आम्ही जिंकू' असं म्हणत गायलं, हे मला फार मोलाचं वाटतं. एकट्याने धरलेला सूर सगळ्यांचा झाला.

माझं सर्वात आवडतं मात्र १९१६चं, 'लीव्ह इट देअर'. तुझं ओझं प्रभूकडे ने आणि तिथेच ठेवून ये, एवढंच म्हणणं. ज्याने खरोखर विटा वाहिल्यात त्यालाच 'ओझं' असं लिहिता येतं असं मला वाटतं, आणि घरात आजारपण होतं तेव्हा ह्या एका ओळीवर मी कित्येक रात्री काढल्यात.

यंदा प्रॅक्टिसच्या आधी मुलांना कपट्यांची गोष्ट सांगितली. खिसा नव्हता म्हटल्यावर चौथीतली एक मुलगी आपल्या युनिफॉर्मच्या खिशात हात घालून बघायला लागली, आणि गाणं संपेपर्यंत तिने तो हात काही बाहेर काढला नाही.