नळी कधी घातली, एवढंच विचारत होतो

खुब्याच्या ऑपरेशननंतर आप्पांना जळगावच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं, तेव्हा लघवीची नळी तशीच सोबत आली. प्रवेश, अनामत, औषधांची यादी सगळं एका सकाळीच उरकलं. अडलं ते नळीवर.

लॅटेक्सची नळी साधारण 2 ते 4 आठवड्यांत बदलतात, सिलिकॉनची 12 आठवड्यांपर्यंत चालते. आमची कुठली? घातली कधी? डिस्चार्ज कार्डावर नळीचा साधा उल्लेखही नव्हता. आश्रमातल्या सिस्टर म्हणाल्या, "चिठ्ठी आणा, त्याशिवाय मी हात लावणार नाही." त्यांचं चुकत नव्हतंच. दवाखान्यात काउंटरवाला म्हणे, "पेशंट आणा." मे महिना, पारा 44 वर, आणि 87 वर्षांच्या आप्पांना रिक्षात घालू? दुसऱ्या खेपेला "डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत". तिसऱ्या खेपेला "रेकॉर्डवाला सुट्टीवर". इकडे आप्पांचा एकच धोशा, "हाई नळी काढी टाक रे!" चौथ्यांदा मी बाकावर ठाणच मांडलं. तीन तासांनी केसपेपर निघाला. लॅटेक्स, 16 नंबर, घालून 24 दिवस. डॉक्टरांनी कागद चाळला आणि मलाच विचारलं, "अजून का ठेवलीय?"

मला! नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हेही मग तेच सांगत होते.

काढून पाहिली, पण प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली. आता सिलिकॉनची आहे.

व्हीलचेअरवर बसवताना मावशी पिशवी आप्पांच्या मांडीवर ठेवायच्या, त्यानं लघवी मागे फिरते. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली लटकवा, फरशीला मात्र टेकू देऊ नका. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. भांडं प्रत्येकाचं वेगळं, आधी आणि नंतर हात धुवायचे. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडू नका. धुवायला रोज साबण-पाणी पुरे, डेटॉल नको. लघवी गढूळ दिसली की लगेच अँटिबायोटिक मागू नका. आमच्याकडच्या उन्हात कमी पाणी प्यायलं तरी ती गडद होते. ताप, हुडहुडी किंवा अचानक बरळणं असेल तर मात्र थांबू नका. तपासणीचा नमुना पिशवीतून देऊ नका, हे आधी सांगायला हवं होतं. आणि नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधा. ओढली गेली तर मूत्राशयात नळीला धरून ठेवणारा फुगा रक्त काढतो.

तारीख मी आता पलंगाच्या दांडीवर चिकटवलीय. पिशवीवर लिहिली होती, पण ती बदलली तशी तारीखही गेली.