गंगेवरची पावली

नाशकात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा. आमची ती गंगा. त्यामुळे बुधवारी सकाळी मी ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणालो की आईला पूर्वी फार बरं वाटायचं. पुढे तिच्या लक्षात आलं की मुलगा ओल्या अंगानं परतत नाही, जड खिशानं परततो.

रामकुंडाच्या खालच्या अंगाला पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडतात. जुन्या स्पीकरमधलं ते काळं कडं तळावरून फरफटत येतं आणि वर काढलं की त्याला भाविकांचे रुपये लोंबत असतात. आताची नाणी स्टेनलेस स्टीलची, ती चिकटणारच. पण कधीमधी त्यांच्यात एखादं जुनं, शेवाळलेलं नाणंही येतं. ते शुद्ध निकेलचं. चुंबक निकेललाही धरतो. त्याच निकेलमध्ये तिप्पट तांबं मिसळलं की मात्र ओळख विसरतो. म्हणजे १९६४ चा नेहरूंचा रुपया गंगेतून वर येऊ शकतो, १९८२ चा रुपया तळाशीच बसतो. माझ्या खिशातही एक छोटा चुंबक असतो. बुधवारच्या बाजारात मोडीवाल्याच्या ढिगावरून तो फिरवला की माझं निम्मं काम होतं.

पहिली पावली मला अशीच एका पोराकडून मिळाली. २५ नये पैसे, साल १९५७. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. लोकांच्या डोक्यात आणे पक्के बसलेले, म्हणून नाण्यावरच ‘रुपये का चौथा भाग’ असं लिहून टाकलं. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हा हिशेब कुणाला जमणार? चार आण्यांचे मात्र बरोब्बर पंचवीस होतात, म्हणूनच की काय, पावली हा शब्द त्यानंतरही टिकला. १९६४ च्या १ जूनपासून पैसे ‘नये’ राहिले नाहीत. आई अजून त्यांना नवे पैसेच म्हणते.

घरी भिंगाखाली धरली तर सालातल्या ७ च्या पायापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ. आधी वाटलं, ओरखडा. नखानं चाचपलं तर रेघ उंच लागली. ओरखडा खोल असतो. उंच रेघ म्हणजे दोष नाण्याचा नाही, ज्या डायनं, म्हणजे ठशानं, ते ठोकलं तिचा. डायमध्ये सगळं उलटं आणि खोल कोरलेलं असतं. निकेल कडक, ठोकून ठोकून डायला तडा जातो. त्या फटीत धातू शिरतो आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर तो तडा उमटत जातो.

प्रत्येक नाण्यावर! म्हणजे माझ्या पावलीची भावंडं कुठेतरी असणार. चार वर्षं मी १९५७ च्या पावल्या उलट्यापालट्या करत होतो. मग भद्रकालीत एका भांडीवाल्याच्या गल्ल्यात दुसरी सापडली. तीच रेघ, पण हिच्यावर ती ७ ओलांडून ५ ला भिडलेली. तडा वाढला होता. म्हणजे ही धाकटी. टाकसाळीनं कुठे नोंदलं नसेल, पण या दोघींत आधी कोण जन्माला आली ते मला माहीत आहे. हे कुणाला सांगावं तर ऐकणारा घड्याळ बघतो.

सगळंच इतकं सरळ नसतं. एकदा एका विक्रेत्यानं ‘डबल डाय’, म्हणजे दुहेरी ठशाची, म्हणून एक अधेली (आठ आण्यांचं नाणं) चारशेला गळ्यात मारली. अक्षरं दुहेरी दिसत होती खरी. पण खऱ्या दुहेरी ठशात दुसरं अक्षरही गोलसर, पूर्ण असतं. माझ्या अधेलीवर होती नुसती चपटी पायरी. ठोका बसल्यावर डाय जरा सरकली की अक्षराची कड अशी चेपते. असली नाणी पायलीला पन्नास. ती अधेली मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

ठशावर ठसा बघायचा तर जोगलटेंभीचा. सिन्नर तालुक्यातल्या या गावी १९०६ मध्ये नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. काहींवर नव्या चिन्हांखालून हरलेल्या राजाचं नाक अजून डोकावतं. नाण्यांची ओढ असलेल्यानं त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीचं नाणेसंग्रहालय सोडू नये. आमच्या नाशिकरोडला नोटा छापतात, नाणं एकही पडत नाही, तरी या गावाला नाण्यांचा तोटा नाही.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. “गंगेला वाहिलेलं घरात आणतोस? कुणाचा नवस असेल त्याच्यावर.” मी म्हटलं, पोराला पैसे मोजून दिलेत. “पोराला दिलेस, गंगेला काय दिलंस?”

तेव्हापासून गंगेवरून एक जुनं नाणं घरी आणलं की एक रुपया पाण्यात टाकायचा, असं ठरलंय. परवाही टाकला. हात जोडून डोळे उघडले तर शेजारच्या पोरानं दोरी ओढून तो वर काढलेलाही होता. चड्डीला पुसून त्यानं मला विचारलं, “काका, हा चालंल का?”