मेल येतोय, पण जात नाही : आउटलुक दुरुस्त करतानाचा माझा अनुभव

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. एक्स्पोर्टचे कागद माझ्याकडे असल्याने दिवसभर आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेलचा प्रोग्राम, उघडंच असतं. मालकांनी इंटरनेटची कंपनी बदलली. नवी वायर आली, राउटर बसला, वेगही छान. त्याच दुपारपासून मेल येत होते, पण इथून जाईनात.

न्हावा शेवाच्या कस्टम एजंटला इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवायची होती. मेल आउटबॉक्समध्ये तिरक्या अक्षरांत पडून. सेंड-रिसीव्हची पट्टी थोडी सरकायची, थांबायची आणि एरर यायचा : ०एक्स८००४२१०९, आउटगोइंग सर्व्हरशी संपर्क होत नाही. इथंच सांगून ठेवते, आउटबॉक्समधला मेल उघडून बघू नका. उघडून नुसता बंद केला की अक्षरं सरळ होतात आणि पुन्हा सेंड दाबल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

कागद मी ब्राउझरमधून वेबमेलवर जाऊन पाठवले, लगेच गेले. म्हणजे खातं चालू, पासवर्ड बरोबर. मेल येतोय म्हणजे इंटरनेटही ठीक. अडलंय ते फक्त बाहेर जाण्याच्या वाटेवर. एवढं स्वच्छ दिसत असताना मेल होस्टिंगवाल्यांच्या हेल्पलाइनवर मला काय ऐकायला मिळावं? "मॅडम, सर्व्हर चालू आहे, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे." इंटरनेटवाल्यांना फोन लावला, तर "लाईन ओके आहे, मॅडम, मेलवाल्यांना विचारा." पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "कॉम्प्युटर रीस्टार्ट केला का?" पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या ज्या दारातून मेल जातो त्याचा नंबर, कोणता टाकलाय, हे एकानेही विचारलं नाही. त्याचाच मला अजून राग आहे. एरर आउटगोइंगचा आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच असायला हवा.

त्यातल्या एकाने तर सांगितलं, अकाउंट डिलीट करून नवीन टाका. मी साफ नकार दिला. आमचं खातं पॉपवर आहे, म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर; जुने मेल सर्व्हरवर नाहीत, याच कॉम्प्युटरवर आउटलुकच्या पीएसटी फाइलमध्ये आहेत. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी झालेला सगळा व्यवहार त्यात. तुमचंही पॉप असेल तर आउटलुक बंद करून आधी त्या फाइलची कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या, मगच कुणाचं ऐका.

शेवटी वायर जोडायला आलेल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, पंचवीस नंबर टाकलाय का? तो आमच्याकडं बंद असतोय." मी पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी, उघडून टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने आमच्या मेल सर्व्हरचं नाव देऊन २५ आणि ५८७ हे दोन पोर्ट तपासले. पंचवीसला फॉल्स, म्हणजे बंद; ५८७ ला ट्रू, म्हणजे उघडा. स्पॅम रोखायला बऱ्याच इंटरनेट कंपन्या २५ बंद ठेवतात. तो मुळात सर्व्हरने सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे; आपल्यासारख्यांनी मेल पाठवायला ५८७ हा पोर्ट १९९८ पासून ठरलेला आहे. जुन्या कंपनीकडे २५ उघडा होता, म्हणून इतकी वर्षं चाललं. दोन्ही हेल्पलाइनला हे ठाऊक नसेल, असं मला वाटत नाही.

बदल किरकोळ होता. कंट्रोल पॅनलमध्ये मेल, ईमेल अकाउंट्स, चेंज, मोअर सेटिंग्ज. अॅडव्हान्स्डमध्ये आउटगोइंगला २५ च्या जागी ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. नव्या आवृत्तीत तिथं स्टार्टटीएलएस लिहिलेलं असतं. शेजारच्या आउटगोइंग सर्व्हर टॅबवर 'ऑथेंटिकेशन लागतं' या ओळीपुढे टिक हवीच, नाहीतर सर्व्हर मेल परत फेकतो. काही ठिकाणी ५८७ ऐवजी ४६५ चालतो, मग एन्क्रिप्शन एसएसएल. येणाऱ्या मेलच्या आकड्याला हात लावू नका.

टेस्ट अकाउंट सेटिंग्ज दाबलं, दोन्ही ओळींपुढे हिरव्या खुणा आल्या आणि मी मोठ्यानं "झालं!" म्हणाले. अकाउंट्सचे काका दचकून बघायला लागले. मग त्यांच्या आणि डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर मीच बदल करून दिला. फक्त सेटिंग बदलण्याआधी आउटबॉक्समधून वेबमेलवरून गेलेले मेल काढून टाका, नाहीतर पोर्ट बदलताक्षणी तेच इनव्हॉइस गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा जातं.