ग्रंथपाल म्हणजे २४

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, करून दिली. लहानपणी तिथूनच पुस्तकं नेली, त्यामुळे पैशांचं फार ताणलं नाही. साइट आठवड्यात उभी राहिली. त्यानंतरचा एक शनिवार मात्र अजून डोक्यातून जात नाही.

सुरुवात झाली ग्रंथपालबाईंच्या फोनने. घाईत मी त्यांना माझाच अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन बसलो होतो. बाई म्हणाल्या, "अरे, वर कोपऱ्यात हाऊडी लिहिलंय, तो कोण? आणि डावीकडे ही एवढी यादी आहे, त्यातल्या कशाकशाला हात लावायचा नाही तेवढं सांगून ठेव." बाईंना कामं तीनच: सूचना टाकायची, नव्या पुस्तकांची यादी चढवायची, कार्यक्रमांचे फोटो लावायचे. त्यासाठी थीम (साइटचं रूप), प्लगिन (वरून जोडलेला कोड), सेटिंग असला पसारा समोर कशाला? ठरवलं, बाईंसाठी डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणारा पडदा, आवरून द्यायचा.

स्वागताचा फलक, वर्डप्रेसच्या बातम्यांचा चौकोन, साइट हेल्थ हे सगळं कोडमधून दहा मिनिटांत काढलं. त्याआधी एक गाढवपणा केला होता. स्क्रीन ऑप्शन्समध्ये जाऊन चौकोनांपुढच्या खुणा काढल्या आणि झालं म्हणून बाईंना कळवलं. त्या खुणा ज्याच्या-त्याच्या लॉगिनपुरत्या असतात. बाईंसाठी वेगळं खातं केलं, तर तिथे सगळे चौकोन जागच्या जागी.

मेनूतली नावं काढणंही सोपं, पण ‘रिमूव्ह मेनू पेज’ या कोडमधल्या आज्ञेने फक्त नाव दिसेनासं होतं. पत्ता टाइप केला की पान उघडतंच. म्हणजे पाटी काढली, दार उघडंच. खरं कुलूप लागतं ते परवानग्यांनी. म्हणून ‘अ‍ॅड रोल’ वापरून नवा रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, केला, नाव ठेवलं इंग्रजीत ‘लायब्ररियन’, आणि परवानग्या दिल्या दोनच: आत येण्याची आणि लेख लिहिण्याची. हे कोड थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये ठेवलं नाही, कारण थीम बदलली की तेही जातं. मस्ट-यूज प्लगिनच्या फोल्डरमध्ये ठेवलं, म्हणजे पॅनलमधून ते कुणाला बंद करता येत नाही.

बाईंच्या खात्याने शिरून पाहिलं तर प्रसिद्ध करायचं बटण नाही, नुसतं तपासणीला पाठवायचं. फोटोही चढेना. बरोबरच आहे, तशी परवानगी दिलीच नव्हती. फाइलमध्ये प्रसिद्ध करण्याची, फोटो चढवण्याची आणि प्रसिद्ध झालेलं पुन्हा सुधारण्याची परवानगी घातली (ही तिसरी विसरलात, तर टाकलेल्या सूचनेतली चूक दुरुस्त करायला तुम्हालाच फोन येणार). हात फिरला तसं रोलचं नाव मराठीत ‘ग्रंथपाल’ केलं. सेव्ह, रिफ्रेश. काही नाही. पुन्हा रिफ्रेश. तेच ‘लायब्ररियन’, तेच तपासणीचं बटण.

इथे शनिवार गेला. कॅशे साफ केली, ब्राउझर बदलला, इनकॉग्निटो उघडलं, वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्ती वर-खाली करून पाहिली. होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर गेलो, तर तीनदा एकच उत्तर, "सर, कृपया कॅशे क्लिअर करून पाहा." शेवटी वैतागून फाइलमधला एक अर्धविराम मुद्दाम खोडला. साइट धाडकन पडली. म्हणजे फाइल वाचली जात होती, फक्त माझं ऐकत नव्हती.

कारण रात्री कळलं. ‘अ‍ॅड रोल’ रोल एकदाच बनवतं आणि डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात लिहून ठेवतं. त्याच ओळखनावाचा रोल आधीच असेल तर ते मुकाट्याने परत फिरतं. मी मराठीत केलं ते नुसतं दिसणारं नाव, ओळखनाव तेच होतं. ना चूक दाखवतं, ना सूचना. मी फाइलमध्ये काहीही लिहिलं असतं तरी टेबलातल्या जुन्या नोंदीला त्याचा पत्ताच नव्हता.

एवढं कळल्यावर शहाण्या माणसाने झोपायचं. मी साडेअकराला डेटाबेसला थेट हात लावता येतो ते पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं. त्या नोंदीत सगळे रोल एका लांबलचक ओळीत कोंबलेले असतात आणि प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी असते. ‘लायब्ररियन’च्या आधी ९ होते, कारण इंग्रजीत अक्षरं नऊ. मी तिथे ‘ग्रंथपाल’ लिहिलं, बोटांवर मोजलं, ग्रं-थ-पा-ल, आणि ९ च्या जागी ४ टाकले.

रिफ्रेश केलं, तर या पानावर येण्याची तुम्हाला परवानगी नाही. मला! अ‍ॅडमिनला! आकडा चुकला की ती अख्खी ओळ वाचता येत नाही, आणि सगळेच रोल त्या एका ओळीत. वर्डप्रेसच्या लेखी आता अ‍ॅडमिन नाही, संपादक नाही, कोणीच नाही. मग काना, अनुस्वार, हलन्त सुटे धरून मोजले: आठ. ८ टाकले. तरी नाही. घाम फुटला, कारण मूळ ओळीची नक्कल काढून ठेवली नव्हती. (आधी ती नोटपॅडमध्ये उतरवून घ्या, मगच बोट लावा.) लॅपटॉपवर पीएचपीलाच त्या शब्दाची लांबी विचारली. म्हणालं, २४. तिथे अक्षरं नाही, बाइट मोजतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, हलन्तालासुद्धा, तीन बाइट. आठ त्रिक चोवीस. २४ टाकले आणि डावीकडची काळी पट्टी परत आली. रात्रीचे दीड वाजले होते.

सरळ उपाय रविवारी वीस मिनिटांत झाला. फाइलमध्ये एक आवृत्ती क्रमांक ठेवला. डेटाबेसमधला क्रमांक त्याहून वेगळा असेल तरच जुना रोल काढायचा, लगेच नवा बनवायचा आणि क्रमांक पुढे न्यायचा. बाईंच्या खात्याला धक्का लागत नाही, कारण तिथे फक्त रोलचं ओळखनाव असतं. हे काम अ‍ॅक्टिव्हेशन हुकवर (प्लगिन सुरू करताना चालणारा कोड) टाकायला जाऊ नका, मस्ट-यूज फोल्डरमध्ये तो चालतच नाही. मला हेही ठेच लागूनच कळलं.

बाईंच्या प्रोफाइलमध्ये भाषा मराठी केली; वर्डप्रेसच्या २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येकाला आपापली ठेवता येते, माझी इंग्रजीच आहे. हाऊडीच्या जागी फिल्टर लावून ‘नमस्कार’ आणला.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. "अरे, डावीकडचं सगळं गेलं!" माझ्या पोटात गोळा. फोन कानाला धरूनच पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं. ओळ शाबूत, २४ जागेवर. मग विचारलं, "बाई, काय करत होतात?" म्हणाल्या, "सूचना लिहायला घेतली." २०२० च्या ५.४ पासून लेखाचा एडिटर पूर्ण पडदा व्यापून उघडतो, पट्टी त्याच्यामागे जाते. वरच्या डाव्या कोपऱ्यातला गोल डब्ल्यू दाबला की परत येते. तेही बंद करून टाकलं.

रात्री साइट उघडून पाहिली. पहिली सूचना लागली होती: "उद्या वाचनालय बंद राहील."