कणगी चेपली तरी अभिवाह तेवढाच

गाउसचा नियम (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत अभिवाह फक्त आतल्या प्रभारावर ठरतो) बारावीत पाठ होतो; तो खरा का, असं विचारलं की पोरं अडतात. मुळाशी व्यस्त वर्गाचा नियम आहे (अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाई), आणि त्याची ओळख प्रकाशाकडून करून घेतलेली बरी. शेणामातीनं लिंपलेली अंधारी खोली निवडा. चुन्याच्या भिंती उजेड परतवतात, आकडे बिघडतात.

एका मोबाइलचा टॉर्च स्टुलावर उभा करा, दुसऱ्यात लक्स (उजेडाचं एकक) मोजायचं ॲप. सेन्सर बहुधा पडद्याच्या वरच्या काठाशी असतो. तो टॉर्चच्या बरोबर समोर, त्याच उंचीवर हवा. 20 सेंटीमीटरवर 900 लक्स आले, तर 40 वर 225 आणि 60 वर 100 यायला हवेत. दाराच्या फटीतून 20 लक्स येत असतील तर दिसतील 920, 245, 120. मग चौपटीऐवजी 3.76 पट निघते, नऊपटीऐवजी 7.67. म्हणून आधी टॉर्च बंद ठेवून मोजा आणि तेवढे लक्स प्रत्येक आकड्यातून वजा करा. फार जवळ जाऊ नका: 10 सेंटीमीटरवर अंतर एका सेंटीमीटरनं चुकलं की उत्तर 20 टक्क्यांच्या आसपास चुकतं. ट्यूबलाइट तर नकोच. ती बिंदू नाही, रेघ आहे. जवळून तिचा उजेड अंतर दुप्पट झालं की साधारण निम्माच होतो.

बिंदूप्रभाराचंही असंच. अंतर दुप्पट झालं की विद्युत क्षेत्राची तीव्रता चौथाई, पण गोलाचं क्षेत्रफळ चौपट. गुणाकार हलत नाही; हाच गोलातून जाणारा अभिवाह.

आता गोलाऐवजी धान्याची कणगी घ्या: पोट फुगलेली, एका अंगानं चेपलेली, बूड आणि झाकणासकट बंद. आत 1 मायक्रोकूलोम प्रभार. जिथं भिंत तिरपी आहे तिथं त्याच घनकोनात (प्रभारापासून निघालेल्या शंकूच्या उघाडात) तिचा मोठा तुकडा बसतो, आणि तितक्याच पटीनं तीव्रतेचा त्या तुकड्याला लंब असलेला घटक कमी होतो. दोन्ही एकमेकांना फेडतात. म्हणून एकूण अभिवाह प्रभार भागिले ε₀ हा स्थिरांक (8.85×10⁻¹²), म्हणजे सुमारे 1.13×10⁵ न्यूटन-मीटर² प्रति कूलोम. प्रभार मधोमध नसला तरी तेवढाच. झाकण मात्र काढलं की हा आकडा लावता येत नाही.

परीक्षेत हमखास मार्क जातात ते इथं: प्रभार कणगीबाहेर असला तर एकूण अभिवाह शून्य, म्हणून पोरं आत तीव्रताही शून्य लिहून मोकळी होतात. तसं नाही. जितक्या रेषा शिरल्या तितक्याच बाहेर पडल्या, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी चूक घनाच्या कोपऱ्यातल्या प्रभाराची. कोपऱ्याला टेकलेल्या तीन बाजूंतून काहीच जात नाही, कारण रेषा त्यांना समांतर. उरलेल्या तिन्हींतून प्रत्येकी पूर्ण अभिवाहाचा 1/24.

व्यस्त वर्गाच्या नियमात अंतराचा घातांक नेमका 2 नसता तर हा हिशेब कोलमडला असता, आणि प्रभारित पोकळ धातूच्या आतही विद्युत क्षेत्र सापडलं असतं. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिशनं 1773 च्या सुमारास एकात एक दोन गोल ठेवून हेच तपासलं. दोन्ही तारेनं जोडून बाहेरच्या गोलाला प्रभार दिला, तार काढली, बाहेरचा गोल उघडला आणि आतला तपासला. आत प्रभार सापडला नाही. त्याच्या उपकरणाच्या अचूकतेवरून घातांक 2 पासून पन्नासाव्या भागापेक्षा जास्त ढळत नाही, असं निघालं. 1971 च्या प्रयोगानं ती मर्यादा 10⁻¹⁶ च्या घरात नेली.