उत्क्रांतिवृक्ष रेखाटण्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना

मराठवाड्यात जीवशास्त्र शिकवताना उत्क्रांतिवृक्षासाठी, म्हणजे सजीवांचे पूर्वजांपासूनचे नाते दाखवणाऱ्या शाखायुक्त आकृतीसाठी, मी उदाहरण कापसाचेच घेतो, कारण ते पीक विद्यार्थ्यांच्या शिवारातले असते. आकडेमोड संपून न्यूविक स्वरूपातली, म्हणजे वृक्ष कंसांच्या मजकुरात लिहिलेली, फाइल हाती आली की वृक्ष कशात काढावा, असा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते त्याचे उत्तर चित्राच्या देखणेपणावर ठरू नये. वृक्षावर आपल्याला काय नोंदवायचे आहे आणि ती नोंद सॉफ्टवेअर योग्य जागी ठेवते का, यावर ते ठरावे.

यातला बूटस्ट्रॅप आकड्यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. एखाद्या शाखेला आपल्या माहितीचा किती आधार आहे, हे सांगणारे हे आकडे असतात; परंतु १९८६ साली ठरलेल्या न्यूविक स्वरूपात त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा नसल्यामुळे ते बहुधा आतल्या गाठींची (शाखा जिथे फुटतात त्या बिंदूंची) नावे म्हणून लिहिले जातात. परिणामी वृक्षाचे मूळ, म्हणजे सर्वांच्या समान पूर्वजाची जागा, बदलताच काही सॉफ्टवेअरमध्ये आकडा भलत्याच शाखेवर जाऊन बसतो आणि चित्र निर्दोष दिसत असूनही निष्कर्ष चुकतो. ही त्रुटी अनेक प्रचलित साधनांत आढळल्याचे चेक, उएर्ता-सेपास आणि स्टामाटाकिस यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले. म्हणून प्रत्येक शाखेवर वेगळा आकडा असलेला छोटा वृक्ष घ्यावा, त्याचे मूळ बदलावे आणि प्रत्येक आकडा आपल्याच शाखेवर राहिला का, हे तपासूनच सॉफ्टवेअर स्वीकारावे.

अँड्र्यू रॅम्बो यांचे फिगट्री हे सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालते आणि कालमापन केलेल्या, म्हणजे शाखा केव्हा फुटल्या हे दाखवणाऱ्या, वृक्षावर त्या काळाच्या अनिश्चिततेच्या पट्ट्या सहज दाखवते. नवशिक्यासाठी मी तेच सुचवतो. वृक्षाभोवती रंगपट्ट्या आणि स्तंभालेख हवे असतील तर आयटॉल सोयीचे आहे, मात्र ते ब्राउझरमधून चालते आणि वृक्ष खात्यात जतन करण्यासाठी वर्गणी भरावी लागते. आर ही संगणकीय भाषा येत असेल तर तिच्यातले जीजीट्री हे साधन शिकण्याचे कष्ट जरूर घ्यावेत, कारण माहिती बदलली तरी तीच आज्ञावली पुन्हा चालवून आकृती नव्याने मिळते.

कापसाच्या बाबतीत मात्र आणखी एक अडचण आहे. देशी कापूस, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, याची गुणसूत्रे २६ असतात, तर आज सर्वत्र पेरल्या जाणाऱ्या गॉसिपियम हिर्सुटमची ५२. आणि ही दुसरी प्रजाती दोन वेगळ्या वंशरेषांच्या संकरातून निर्माण झालेली आहे. दोन पूर्वज असलेली प्रजाती साध्या वृक्षात मावत नाही, तिथे शाखा पुन्हा जुळणारे जाळे काढावे लागते आणि त्यासाठी डॅनियल ह्यूसन यांचे डेंड्रोस्कोप उपयोगी पडते.

नावे मराठीत लिहायची असतील, तर आरच्या नेहमीच्या पीडीएफमध्ये देवनागरी नीट उमटत नाही. आकृती एसव्हीजी या रेषाचित्राच्या स्वरूपात काढून घ्यावी, ती इंकस्केप या चित्रे संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि नावे तिथे युनिकोड फाँटमध्ये टाकावीत. जोडाक्षरेही व्यवस्थित येतात.