प्रॉक्सिमा-बी : माणसे उत्तम, वाट वाईट, दलाल त्याहून वाईट

इंदूरहून प्रॉक्सिमा-बीला जाण्याचा विचार करणाऱ्यांनी सहलीचे पत्रक हातात पडताच त्यातली ‘स्थानिक एक वर्षाचा निवांत मुक्काम’ ही ओळ आधी शोधावी आणि मगच पैसे भरावेत. त्या ग्रहाचे वर्ष ११.२ दिवसांचे आहे. तो प्रॉक्सिमा या आपल्या ताऱ्यापासून सुमारे ७५ लाख किलोमीटरवरून, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या विसाव्या भागाइतक्या जवळून फिरतो, त्यामुळे त्याची प्रदक्षिणा दीड आठवड्यात आटोपते. २०१६ साली हा ग्रह सापडल्याचे जाहीर झाले तेव्हापासून ही गोष्ट जगाला ठाऊक आहे आणि ती दलालाला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. आमच्या नणंदबाईंनी वर्षभराच्या हिशेबाने लोणच्याची बरणी आणि दोन स्वेटरांची लोकर बरोबर घेतली होती. लोकरीची गुंडी सुटण्याआधीच परतीचे सामान बांधायला सांगण्यात आले.

त्याच पत्रकात ‘सूर्यास्तदर्शन’ या नावाने वेगळी रक्कम लावलेली आहे. ती भरू नका. हा ग्रह आपल्या ताऱ्याकडे सदैव एकच बाजू करून असतो, त्यामुळे तिथे उगवणे आणि मावळणे हा प्रकारच नाही. मुक्काम उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर असतो, तिथून तारा क्षितिजाला टेकलेला दिसतो आणि तो तसाच टेकलेला राहतो. रांगेत उभे राहून, तिकीट दाखवून, जे आपण तंबूच्या दारातून फुकट पाहत होतो तेच एका कठड्यापाशी जाऊन पाहायचे, याला दर्शन म्हणत असतील तर म्हणोत. तिसरी थाप सर्वांत निर्लज्ज आहे. १९७७ साली सुटलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे सर्व खरे. पण ‘तिथले लोक केसरबाईंचे चाहते आहेत’ हे पत्रकातले वाक्य साफ खोटे आहे. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते, या चालीने एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजार वर्षे लागतात, आणि त्या दोन यानांपैकी एकाचीही वाट प्रॉक्सिमाकडे जात नाही. नणंदबाईंनी तिथे खरोखर भैरवी म्हटली. लोकांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, परंतु ते कोणालाच कशातही मध्येच थांबवत नाहीत, आणि या त्यांच्या स्वभावाविषयी मला पुढे बरेच लिहायचे आहे.

तब्येतीची गोष्ट एका वाक्यात सांगते : पाठीवर दहा किलो घेऊन जानापावचा डोंगर न थांबता चढता येत नसेल तर जाऊ नका, कारण तिथे अंगाचे वजन इंदूरपेक्षा थोडे जास्तच भरते आणि तोंडावर श्वासाची नळी असते. यानातल्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. प्रकाशाच्या ९५ टक्के वेगाने ४.२४ प्रकाशवर्षे जाताना पृथ्वीवर जवळजवळ साडेचार वर्षे उलटतात, यानातल्या घड्याळात मात्र दीड वर्षही भरत नाही, आणि तेही झोपेत जाते. घरची कामे त्या बेताने लावून निघावे, एवढेच.

उतरल्यावर पहिला धक्का उजेडाचा बसतो, आणि तो सुखद आहे. ‘रक्तवर्ण सूर्य’ वगैरे वर्णनांवर जाऊ नका. प्रॉक्सिमाच्या पृष्ठभागाचे तापमान ३,००० केल्विनच्या आसपास आहे, जुन्या बल्बमधली तार तापून साधारण तेवढीच होत असे, त्यामुळे उजेड पिवळट, घरगुती वाटतो. क्षितिजावरच्या धुळीतून येताना तो तांबूस होतो. ताऱ्याची तबकडी आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसते. या उजेडात निळा रंग काळा पडतो, म्हणून निळे कपडे नेऊ नका. आमच्या चौघांत दोघे निळ्या कोटात होते आणि जरा दूर गेले की खडकांत हरवत होते.

आता त्या वाटेबद्दल. यान जिथे उतरते त्या तळापासून वस्तीपर्यंतची वाट पत्रकात ‘संधिप्रकाशातील सपाट फेरफटका, पाऊण तास’ अशी दिली आहे. ती सपाट नाही, फेरफटका नाही, आणि पाऊण तासात आम्ही तिचा पहिला चढही संपवला नव्हता. काळोखी बाजूची गार हवा जमिनीलगत उजेडाच्या बाजूकडे अखंड वाहत असते. वस्तीकडे जाताना हा वारा डाव्या कानावर, परतताना उजव्या, आणि मध्ये विसावा असा कुठेही नाही. पण वाऱ्याला सोय आहे, कोट नीट असला की झाले. खरा घात सावल्यांचा आहे. तारा हलत नसल्यामुळे तिथल्या प्रत्येक दगडाची सावली कायमची एकाच जागी पडलेली आहे, आणि त्या सावलीतला बर्फ कधी वितळलेलाच नाही. गुडघ्याएवढ्या दगडामागे काळोखाच्या दिशेने बर्फाची लांबलचक जीभ पसरलेली असते, वाऱ्याने आणलेली धूळ तिच्यावर बसून ती खडकाच्याच रंगाची झालेली असते, आणि पायाखाली आल्याशिवाय ती ओळखू येत नाही. वीस पावले कोमट, खरखरीत खडक, मग दोन पावले काच, पुन्हा खडक, पुन्हा काच, असे पहिले दोन तास चालते. माणूस त्याला सरावतो, आणि नेमक्या त्याच वेळी वाट मोठ्या सोंडेच्या मागच्या अंगाला वळते. तिथे पूर्ण डोंगराची सावली आहे. सुमारे तीनशे पावलांचा तो टप्पा सगळाच्या सगळा बर्फ आहे, तो काळोखाकडे उतरता आहे, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. दोर बांधलेला नाही, खुंट्या नाहीत, सूचनाफलक नाही. इतक्या दुरून पैसे घेऊन माणसे आणायची आणि तीनशे पावलांना एक दोर लावायचा नाही, हा हलगर्जीपणा नव्हे, ही लबाडी आहे, कारण त्याच तळावर खिळ्यांचे बूट भाड्याने मिळतात आणि दोर लावला तर ते कोणी घेणार नाही. त्या बुटांच्या एका जोडीचे जे भाडे घेतात त्यात इंदुरात चार नवे जोड येतात. खिळे इथूनच चांगल्या चांभाराकडून ठोकून न्या, आणि कमरेला बांधायचा दोरही न्या.

तळापासून तिथले दोघे आमच्याबरोबर चालत होते. ते कमरेएवढे उंच, रुंद पावलांचे आणि वाऱ्याकडे कूस करून चालणारे लोक आहेत. हात बारीक आणि आपल्यापेक्षा लांब. सोंडेच्या वळणावर ते दोघेही वाटेच्या कडेला खाली बसले. आमचे भावजी पुढे होते. ते म्हणाले, “वहिनी, थकलेले दिसतात बिचारे, बसू द्या त्यांना, आपण होऊ पुढे. धोका असता तर बोलले नसते का?” आणि त्यांनी बर्फावर पाय ठेवला. दहाव्या पावलाला ते पाठीवर पडले आणि उताराने हळूहळू, अगदी सावकाश, काळोखाकडे घसरू लागले. ओरडायलाही त्यांना भरपूर वेळ मिळाला. तेव्हा ते दोघे उठले, बर्फावर पोटावर आडवे झाले, एकाने दुसऱ्याचा पाय धरला, आणि लांब हाताने भावजींच्या पिशवीचा पट्टा पकडून त्यांना वर ओढून घेतले. नंतर ते दोघे पुन्हा पहिल्या जागी जाऊन बसले. आम्ही वळून सोंडेला उजेडाच्या बाजूने वळसा घालू लागलो तेव्हाच उठले. त्या वळशाने तासभर जास्त लागतो आणि वाट कोरडी आहे. पत्रकात तिचा उल्लेख नाही.

या लोकांना ‘शांतताप्रिय’ म्हणतात, आणि त्यात तसूभरही खोटे नाही. त्यांच्या वस्तीला कुंपण नाही, घराला दार नाही, हत्यारासारखे काही माझ्या दृष्टीस पडले नाही. परंतु या शब्दाचा व्यवहारातला अर्थ पत्रक लिहिणाऱ्याने सांगायला हवा होता. ते कोणाच्याही वाटेत आडवे येत नाहीत, आणि हे सावधगिरीच्या बाबतीतही तितक्याच काटेकोरपणे पाळतात. आपण कड्याकडे निघालो तरी ते हात धरणार नाहीत, पुढे उभे राहणार नाहीत, आवाज चढवणार नाहीत. ते फक्त स्वतः तिकडे येणार नाहीत. इंदुरात रस्त्यावर खड्डा असला तर चार अनोळखी माणसे ओरडून सांगतात, त्या सवयीचा माणूस तिथे सहज मरेल. म्हणून नीट लक्षात ठेवा : ते बसले की थांबा. ते उठेपर्यंत वाट बदलत राहा. तळावर भाड्याने मिळणारे दुभाषी यंत्र याला उपयोगी नाही, कारण ते बोलणे उलगडते आणि हे लोक अशा वेळी बोलतच नाहीत. ते यंत्र घेऊ नका.

दुसरी खूण त्याहून तातडीची आहे. प्रॉक्सिमा हा लहान पण भडकू तारा आहे; त्याच्या चुंबकीय उलथापालथीमुळे अधूनमधून प्रखर भडके उठतात आणि त्यांबरोबर घातक किरण येतात. ताऱ्याचा प्रकाश तिथे पोचायला पंचवीसेक सेकंदच लागतात, त्यामुळे भडका दिसला म्हणजे किरण आलेलेच असतात. तळावरचा भोंगा त्यानंतर वाजतो, आणि त्याची ‘सुरक्षा’ म्हणून वेगळी आकारणी आहे. तिथल्या लोकांना मात्र आधी कळते, कसे ते त्यांनाच ठाऊक. चालता चालता सगळे एकदम ताऱ्याकडे पाठ करतात आणि जवळच्या बिळात उतरतात. आपणही लगेच उतरावे. बिळे प्रशस्त आहेत, जागा करून देतात, आणि भडका ओसरल्यावर आधी एक म्हातारे माणूस बाहेर जाते. त्याच्या मागोमाग निघावे.

पैशांचा मुख्य मुद्दा राहिला. तळावर प्रत्येक प्रवाशाकडून ‘स्वागतशुल्क’ घेतले जाते आणि ते वस्तीला दिले जाते असे सांगतात. वस्तीत पैसा नाही. मी खात्री करून घेतली. ज्या बाईच्या बिळात आम्ही राहिलो (बाई हे मी अंदाजाने म्हणते) तिच्या हातावर मी दहा रुपयांचे नाणे ठेवले. तिने ते दोन्ही बाजूंनी पाहिले, उजेडाच्या बाजूच्या खडकावर ठेवले, बराच वेळ तिथेच थांबली, आणि चांगले ऊबदार झाल्यावर माझ्या हातमोज्यात परत ठेवले. दुसरे नाणे दिले, तेही तसेच कोमट होऊन परत आले. तेव्हा या लोकांच्या नावाने कोणीही, कोणत्याही कारणासाठी रक्कम मागितली तर ती त्यांच्यासाठी नाही हे पक्के समजावे.

वस्तीतले बाकीचे दिवस आरामात गेले, त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. जेवण आपले आपण न्यावे; पोहे भिजतात, पोह्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला मात्र घट्ट झाकणाच्या डबीत न्यावा, वाऱ्याने आमचा अर्धा उडाला. एक गोष्ट चुकवू नका, आणि तिला तिकीट नाही. काळोखाच्या बाजूला, अर्थात त्या लोकांपैकी कोणी बरोबर येत असेल तरच, आकाश दिसेपर्यंत चालत जा. इंदूरहून मे महिन्यात दक्षिण क्षितिजाला जेमतेम चिकटलेला दिसणारा मित्र (अल्फा सेंटॉरी) हा तारा तिथे दोन वेगळ्या ताऱ्यांत फुटलेला दिसतो आणि दोन्ही आपल्या शुक्रापेक्षा तेजस्वी. मग शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधा. तिच्या पाच ताऱ्यांशेजारी तिथे एक जास्तीचा ठळक तारा असतो, तो आपला सूर्य. आमचे हे त्याच्याकडे बघत बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग गॅसची शेगडी बंद केली होती का असे विचारू लागले.

तक्रारीचे. तळावरचा माणूस ‘इंदूरच्या कार्यालयाला कळवा’ म्हणतो आणि संदेश पाठवण्याचेही पैसे घेतो. तो संदेश सव्वाचार वर्षांनी पोचतो, आपण परतीच्या यानाने त्याच्या मागोमाग तीनेक महिन्यांत पोचतो, तेव्हा हा खर्च करू नये. त्याऐवजी प्रत्येक रकमेची पावती नावासकट मागावी. आम्हाला स्वागतशुल्काची पावती ‘इतर’ म्हणून दिली होती, ती आम्ही परत करून ‘स्वागतशुल्क’ असे लिहूनच घेतले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण घरी येईपर्यंत इथे साडेचार वर्षे होऊन गेलेली असतात. दलाल याच भरवशावर बसला आहे. पण सबळ कारण दाखवले तर विलंब माफ करण्याचा अधिकार त्याच कायद्याने आयोगाला दिलेला आहे, म्हणून तक्रारीसोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा आणि त्यात कारणाच्या रकान्यात अंतर लिहावे : ४.२४ प्रकाशवर्षे. आमचा अर्ज तसाच दाखल झाला आहे.